बूटवाल्यांचा कार्बोरेटर

लिली अँड स्किनर ही लंडनमधली बुटांची नामांकित पेढी. त्या घराण्यातला जॉर्ज हर्बर्ट स्किनर दिवसभर बुटांच्या धंद्याचा संचालक, आणि उरलेला सगळा वेळ मोटारींच्या नादात. १९०४ मध्ये त्याने एक कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, बनवला (पुढे तो एसयू या नावाने ओळखला गेला), १९०५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. त्यातला मुख्य भाग होता चामड्याचा भाता. बूटवाल्याच्या हाताशी चामडं असणारच, पण केवळ सोय म्हणून तो भाता आलेला नव्हता. पेट्रोल इंजिनाच्या पहिल्याच दुखण्यावर त्याला एक उपाय सुचला होता, आणि त्यासाठी हवेच्या ओढीने फुगणारं-मिटणारं काहीतरी हवं होतं.

दुखणं असं होतं. साध्या कार्बोरेटरमध्ये हवा जायची वाट, म्हणजे व्हेंच्युरी, कायम एकाच मापाची असते. ती अरुंद ठेवली तर आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन हळू चालत असताना, हवा जोरात धावते, जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक तोंडातून, पेट्रोल नीट ओढून घेते, पण पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिनाची घुसमट होते. रुंद ठेवली तर वर ताकद मिळते, पण खाली हवा इतकी मंद वाहते की पेट्रोल उचललंच जात नाही. आपण पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवून पाण्याची धार कमी-जास्त करतो, तसा कुणीतरी त्या वाटेवर सतत अंगठा ठेवायला हवा होता. बाकीच्यांनी तडजोड केली. मधलं माप धरायचं, मग आयडलिंगसाठी वेगळा जेट, मधल्या वेगासाठी दुसरा, झटक्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर पेट्रोलची पिचकारी मारायला छोटा पंप. आतल्या बारीक छिद्रांची संख्या वाढतच गेली.

स्किनरने वाटच हलती केली. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा भाता वर उचलला जाईल, त्याच्याबरोबर वाट मोठी होईल, आणि हवेचा वेग जवळपास तोच राहील. वेग तोच म्हणजे जेटच्या तोंडाशी असलेली ओढही तीच. मग पेट्रोल किती द्यायचं ते ठरवायला एकच जेट पुरतो: भात्याच्या खाली निमुळती होत गेलेली नीडल लावायची आणि ती त्या जेटमध्ये सोडायची. भाता वर गेला की नीडलचा बारीक भाग जेटमध्ये येतो, तिच्याभोवतीची फट वाढते, पेट्रोल वाढतं. हवा आणि पेट्रोल एकाच हालचालीने मोजलं जातं. माझ्या मते मोटारीच्या इतिहासात इतक्या थोड्या भागांत इतकं काम करून घेणाऱ्या वस्तू फार नाहीत.

हर्बर्टचा धाकटा भाऊ थॉमस कार्लाइल स्किनर, म्हणजे कार्ल, याने बुटांच्या पेढीतला आपला हिस्सा विकला आणि या कामात उडी घेतली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली. स्किनर-युनियन या नावातली दोन अक्षरं घेऊन ती झाली एसयू. कारखाना उत्तर लंडनमध्ये, केंटिश टाउनच्या प्रिन्स ऑफ वेल्स रोडवर. कल्पना उत्तम आणि गिऱ्हाईक थोडं, अशी गत. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर कार्बोरेटर बाजूला पडले. कारखान्यात मशिनगनचे भाग आणि थोडेफार विमानांचे कार्बोरेटर बनू लागले. शांतता आल्यावरही खप वाढेना. अखेर कार्लने आपल्याच एका गिऱ्हाइकाला गाठलं. ते गिऱ्हाईक म्हणजे ऑक्सफर्डचा मोटार कारखानदार डब्ल्यू. आर. मॉरिस. १९२६ मध्ये मॉरिसने कंपनी विकत घेतली आणि काम बर्मिंगहॅमच्या अ‍ॅडर्ली पार्कला, वूल्झली या मोटार कंपनीच्या कारखान्यात नेलं. कार्ल स्किनर १९४८ मध्ये निवृत्त होईपर्यंत एसयूचा व्यवस्थापकीय संचालक राहिला. धंदा विकूनही वीस-बावीस वर्षं तोच चालवणारा माणूस विरळाच.

दरम्यान भाता गेला. हर्बर्टने त्याच्या जागी पितळेचा पिस्टन आणला. वरच्या घुमटाकार चेंबरमध्ये तो अगदी जेमतेम फटीने फिरतो, भिंतीला घासत नाही, आणि ती बारीक फट हेच त्याचं सील. पितळ जड होतं, त्याचं वजनच त्याला खाली ठेवायला पुरे व्हायचं. पुढे अ‍ॅल्युमिनियमचा हलका पिस्टन आला आणि कमी झालेलं वजन भरून काढायला वर स्प्रिंग बसली. या स्प्रिंगांना रंग असतात: निळी अडीच औंसांची, लाल साडेचार, पिवळी आठ, हिरवी बारा. रंग उडालेला असेल तर स्प्रिंग अंदाजाने बसवू नये. जास्त ताकदीची बसली तर पिस्टन हवा तेवढा उचलला जात नाही, ओढ वाढते आणि मिक्स्चर सगळीकडे रिच, म्हणजे जादा पेट्रोलचं, होतं. मग माणूस नीडल बदलत बसतो.

मॉडेलच्या नावातला आकडाही कामाचा आहे. एक इंचावर किती अष्टमांश, ते तो सांगतो. एचएस-२ म्हणजे सव्वा इंच, एचएस-४ म्हणजे दीड, एचएस-६ म्हणजे पावणेदोन, आणि जॅग्वार ई-टाइपवर ओळीने तीन बसायचे ते एचडी-८ म्हणजे दोन इंच. नंतरच्या एचआयएफ मालिकेत मिलिमीटर आले, म्हणून एचआयएफ-४४ हा पावणेदोन इंचीच.

आता प्रत्यक्ष कामाकडे. एसयूत बिघडण्यासारख्या जागा मोजक्या आहेत आणि त्या ओळीने तपासल्या तर अंदाजपंचे काही करावं लागत नाही. पण त्याआधी टॅपेट, पॉइंटचा गॅप, टायमिंग आणि प्लग, म्हणजे झडपांची आणि ठिणगीची जुळणी, बघा. ‘कार्बोरेटर खराब आहे’ म्हणून आलेल्या निम्म्या गाड्यांचा दोष इग्निशनमध्ये निघतो, आणि बिघडलेल्या टायमिंगवर जुळवलेला कार्बोरेटर टायमिंग सुधारल्यावर पुन्हा चुकतो.

पहिली तपासणी पिस्टनची. एअर क्लीनर काढा, जेटचा नट पूर्ण वर चढवा, बोटाने पिस्टन वर उचला आणि सोडा. तो मोकळा पडून खालच्या पुलावर, म्हणजे जेटभोवतीच्या सपाट उंचवट्यावर, स्पष्ट ‘टक्’ वाजला पाहिजे. जेट खाली असताना टक् वाजतं पण वर असताना वाजत नाही, असं असेल तर नीडल जेटला घासते आहे. मग जेट मध्यावर आणायचा: जेटचा मोठा लॉकनट सैल करा, पिस्टन पूर्ण खाली दाबून धरा म्हणजे नीडलच जेटला मध्यावर आणते, आणि तसंच धरून लॉकनट आवळा. पुन्हा टक् ऐका. नंतरच्या गाड्यांवर स्प्रिंगने एका बाजूला टेकलेली नीडल असते. तिथे हे करायचंच नसतं, ती मुद्दाम जेटच्या एका कडेला टेकूनच चालते.

पिस्टन दोन्ही वेळा अडकत असेल तर दोष चेंबरमध्ये. पिस्टन आणि चेंबर पेट्रोलने धुवा, सुती फडक्याने पुसा. पॉलिश पेपर कधीही लावू नका. फट वाढली की हवा गळते आणि पिस्टन पूर्ण उचलला जात नाही. बाहेरच्या कडेला तेलही नको, त्यावर धूळ बसते. तेल फक्त मधल्या दांड्याला, एखादा थेंब. आणि जोडीने बनलेले पिस्टन-चेंबर एकमेकांतच ठेवावेत. दोन कार्बोरेटरच्या गाडीत दोन्ही एकाच वेळी उघडले आणि धुताना अदलाबदल झाली, ही चूक गॅरेजमध्ये फार होते, आणि नंतर काही केल्या दोन्ही बाजू सारख्या चालत नाहीत.

नीडल बसवतानाही एक बारकावा. तिच्या जाड भागाची कड पिस्टनच्या तळाशी अगदी समपातळीत हवी. ती अर्धा मिलिमीटर वर-खाली झाली तरी सगळ्या वेगांचं मिक्स्चर हलतं. या नीडलची जाडी दर अष्टमांश इंचावर मोजून ठरवलेली असते, इंचाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत, आणि प्रत्येक प्रकाराला अक्षरांची खूण कोरलेली असते. अशा शेकडो नीडल आहेत. वेगवेगळी इंजिनं, वेगवेगळे सायलेन्सर, एअर फिल्टर, प्रत्येकाचा हवा ओढायचा आलेख निराळा, आणि तो आलेख घासून त्या दोन-अडीच इंचांच्या पितळी काडीवर उतरवलेला.

पिस्टनच्या पोकळ दांड्यात डॅम्पर असतो आणि त्यात तेल. त्याचं काम लोक विसरतात. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की पिस्टन झटकन वर उडू पाहतो. तो उडाला तर हवा आधी आत शिरेल आणि इंजिन गचका खाईल. डॅम्पर त्याला वर जाताना धीम्या गतीने जाऊ देतो, खाली येताना अडवत नाही. त्या क्षणभरात जेटवरची ओढ वाढते आणि थोडं जादा पेट्रोल येतं. इतर कार्बोरेटरांत ज्यासाठी वेगळा पंप लागतो, ते इथे चमचाभर तेल करतं. तेल २० ग्रेडचं. ते नसेल तर इंजिनातलं २०डब्ल्यू-५० चालून जातं, पण गिअर ऑइल घातलं तर पिकअपला गाडी काळा धूर सोडते आणि शिलाई मशिनचं तेल घातलं तर गचके येतात. पातळी बघायची सोपी रीत: डॅम्पर सोडताना टोपी बसायला पाव इंच राहिलं असताना हाताला विरोध जाणवला पाहिजे.

मग मिक्स्चर. जेट पुलाच्या समपातळीत आणा आणि नट बारा बाजू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली सोडा. हे सुरुवातीचं माप. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बाजूची लिफ्टिंग पिन दाबून पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर मिक्स्चर रिच. नट एकेक बाजू वर. इंजिन बसू लागलं किंवा बंद पडलं तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी; नट खाली. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. आणि कितीही फिरवलं तरी आयडलिंग खालीवर होत राहिलं, तर थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे थ्रॉटलची झडप ज्यावर फिरते तो दांडा, बघा. हजारो किलोमीटरनंतर स्पिंडल आणि त्याची भोकं झिजतात, तिथून चोरटी हवा शिरते. स्पिंडलच्या टोकांशी तेलाचे दोन थेंब सोडा; आयडलिंग क्षणभर सुधारलं तर दोष सापडला. नवा स्पिंडल आणि बुश याशिवाय त्यावर औषध नाही.

आपल्याकडे एसयूची ओळख झाली ती मॉरिसच्या मार्गाने. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसिडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३, आणि तिच्या १,४८९ सीसीच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) इंजिनाबरोबर एसयू आला. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, म्हणजे कार्बोरेटर थेट तापलेल्या मॅनिफोल्डच्या वर. त्यामुळे फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई कचऱ्याने अडकून पेट्रोल ओव्हरफ्लो होऊ लागलं तर तो केवळ मायलेजचा प्रश्न राहत नाही, आगीचा होतो. ओव्हरफ्लोची नळी खालपर्यंत गेलेली आहे ना, कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक ठोकळा आणि पत्रा जागेवर आहे ना, हे आधी पाहावं. पत्रा ‘उगाच खडखडतो’ म्हणून काढून टाकलेला असतो आणि मे महिन्यात गाडी गरम झाल्यावर पुन्हा सुरू होत नाही.

फ्लोट चेंबर हा एसयूतला भाग मात्र स्किनरच्या कल्पनेतून आलेला नाही. तो जवळपास सगळ्याच कार्बोरेटरांत असतो: तरंगणारा फ्लोट, त्यावर टेकलेली सुई, संडासच्या टाकीतल्यासारखाच कारभार. त्याला एकच अट लागते, पेट्रोल खाली आणि हवा वर. जमिनीवर ही अट पाळली जाते. आकाशात ती मोडली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या स्पिटफायर लढाऊ विमानातल्या रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाला एसयूचे कार्बोरेटर होते. मोटारीतला पिस्टन-नीडलचा कार्बोरेटर मोठा करून तो बनवलेला नव्हता. रचना निराळी, हवेचा दाब आणि उंची पाहून मिक्स्चर जुळवणाऱ्या कुप्या त्यात होत्या. पण फ्लोट चेंबर होताच. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ विमानात डेमलर-बेंझचं इंजिन, त्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं. जर्मन वैमानिक पाठलाग चुकवायला विमानाचं नाक एकदम खाली दाबायचा. मागच्या स्पिटफायरने तेच केलं की त्या क्षणी पेट्रोल चेंबरच्या छताला जाऊन चिकटायचं, जेट कोरडे पडायचे, इंजिन घुटमळायचं. पुढे त्याहून वाईट: फ्लोटचा कारभार उलटायचा, सुई सताड उघडी राहायची, पंप पूर्ण जोराने पेट्रोल ओतायचा आणि इंजिन पेट्रोलात बुडून बंद पडायचं, मागे काळ्या धुराचा लोट. म्हणून ब्रिटिश वैमानिक आधी अर्धी गिरकी घेऊन मगच सूर मारायचे. तेवढ्यात समोरचा निसटायचा.

फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या बिअट्रिस शिलिंग यांनी यावर जो तोडगा काढला, त्याचं कौतुक त्याच्या क्षुल्लकपणासाठी करावं. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकलने ताशी १०० मैलांच्या वर लॅप मारलेली ही इंजिनिअर. इंजिनाला किती लागतं आणि किती दिलं जातं यातला फरक तिला हाताने ठाऊक होता. तिने पेट्रोलच्या नळीत बसेल अशी, मध्ये मोजून भोक पाडलेली पितळी चकती दिली. भोकाचं माप असं की पूर्ण ताकदीला लागतं तेवढंच पेट्रोल जाईल, त्याहून अधिक नाही. मग सुई उघडी राहिली तरी पूर येत नाही. पहिलं घुटमळणं राहिलं, पण दुसरं, जीवघेणं, टळलं. आणि इंजिन उतरवावं लागत नव्हतं. मार्च १९४१ पर्यंत शिलिंग आणि त्यांची छोटी तुकडी तळातळांवर जाऊन या चकत्या बसवत होती. सलग उलटं उडण्याची सोय त्यात नव्हतीच. ती पुढे बेंडिक्स-स्ट्रॉमबर्गच्या दाबावर चालणाऱ्या कार्बोरेटरने झाली, आणि शेवटच्या मर्लिनांवर एसयूचाच इंजेक्शन पंप बसला. त्यात फ्लोट नव्हता.

रोल्स-रॉइसने आधीच इंजेक्शन का घेतलं नाही, असं विचारलं जातं. त्यामागे हट्ट नव्हता. सुपरचार्जरच्या, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याच्या, आधी पेट्रोल हवेत मिसळलं की बाष्पीभवनाने मिश्रण सुमारे २५ अंश सेल्सिअसने थंड होतं, थंड म्हणून दाट, दाट म्हणून उंचीवर जास्त ताकद. थेट सिलिंडरमध्ये फवारलं तर हा फायदा जातो. त्यांनी ताकद घेतली आणि फ्लोट पत्करला.

युद्धानंतर एसयू बीएमसीत, मग ब्रिटिश लेलँडमध्ये गेली, आणि गिऱ्हाईक घरातलंच झालं: मिनी, एमजी, मॉरिस. बाहेर जॅग्वार, रोव्हर, व्होल्वो. एसयूचे इलेक्ट्रिक पेट्रोल पंपही याच गाड्यांत टिकटिकायचे. चावी फिरवली की भराभर टिकटिक, मग फ्लोट चेंबर भरले की ती थांबते. टिकटिक थांबतच नसेल तर टाकी रिकामी किंवा टाकीकडच्या जोडातून हवा येते आहे. टिकटिकच नसेल तर पॉइंट काळे पडलेत. हातोडीच्या दांड्याने पंपाला टिचकी मारून घरी पोहोचता येतं, पण पॉइंट साफ करणं चुकत नाही. डायफ्राम बदलताना तो आत फिरवत न्यायचा, रॉकर उलटायचा थांबला की चार भोकं, म्हणजे दोन-तृतीयांश फेरा, मागे घ्यायचा. त्याखालचे अकरा पितळी रोलर खाली सांडले तर सगळे मोजून परत बसवावेत.

स्टँडर्ड-ट्रायम्फला प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यातल्या कंपनीवर अवलंबून राहणं परवडणारं नव्हतं. त्यांच्यासाठी झेनिथ कंपनीने स्ट्रॉमबर्ग सीडी हा कार्बोरेटर आणला: तत्त्व तेच, पण पिस्टनला घट्ट फटीऐवजी रबराचा डायफ्राम. म्हणजे स्किनरचा भाता रबराचा होऊन परतला. पुढे जपानी मोटरसायकलींनी हेच रूप घेतलं, आणि बीएस-६ हे धुराचे नियम येईपर्यंत आपल्या पल्सरच्या काही मॉडेलांवर आणि रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० वर जो ‘सीव्ही कार्ब’ (हवेचा वेग कायम ठेवणारा कार्बोरेटर) होता, तो याच घराण्यातला.

एसयूने स्वतः सत्तरच्या दशकातल्या एचआयएफमध्ये फ्लोट जेटच्या भोवतीच आणून बसवला, म्हणजे वळणावर आणि ब्रेकला जेटमधली पातळी हलत नाही. तापमानानुसार जेट वर-खाली करायला दोन धातूंची पट्टीही दिली. धुराचे नियम मात्र त्याहून वेगाने कडक झाले. १९९४ पर्यंत नव्या गाड्यांतून एसयू गेला, आणि १९९६ मध्ये सॉल्झबरीच्या बर्लेन कंपनीने एसयूचं नाव आणि काम घेतलं. नीडल, जेट, पंप, पूर्ण कार्बोरेटर, सगळं तिथे आजही बनतं.

ज्यांच्या दारात अजून एसयूची गाडी आहे, त्यांच्यापुढचा आजचा प्रश्न पंपावर मिळणाऱ्या ई-२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या सेटिंगवर गाडी साधारण आठ टक्के लीन चालते: आयडलिंग डळमळीत, चढावर इंजिन तापतं, सोडताना सायलेन्सरमध्ये फटाके. जेटचा नट एक-दोन बाजू खाली घेतल्याने खालचा भाग सुधारतो. वरच्या वेगासाठी एक पायरी रिच, म्हणजे बारीक, नीडलच लागते. जुने पोकळ फ्लोट काढून इथेनॉलला टिकणारे भरीव फ्लोट घाला, सुईचं टोक व्हायटन रबराचं घ्या, एचडी मालिकेतला जेटखालचा डायफ्राम आणि पंपाचा डायफ्राम नवीन टाका. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर पंपाची वायर काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, आणि चेंबरचं झाकण उघडून तळाशी राहिलेलं शोषून काढा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि सप्टेंबरमध्ये झाकण उघडल्यावर तळाला पांढरी भुकटी सापडली, तर सुई आणि जेट दोन्ही बदलण्याची तयारी ठेवा.